डाव्या कोपऱ्यातला दहावा

३ नोव्हेंबर

चिरंजीवास वडिलांचे आशीर्वाद.

घरी सगळं ठीक. स्वयंपाकघरातला नळ पुन्हा गळायला लागला आहे, तुझी आई ठणठणीत आहे, आणि मी दोघांचंही निमूटपणे ऐकून घेतो आहे. तुझी खुशाली मावशीच्या पत्रांतून कळते. आई ती मोठ्यानं वाचते आणि मी वर्तमानपत्र वाचत असल्यासारखा बसून राहतो. लाकडाच्या वखारीत तुझं बस्तान बसलं म्हणे. फळीवरून नुसता हात फिरवून लाकूड किती वाळलंय ते सांगतोस, असं मावशीनं लिहिलंय. मला नवल वाटलं नाही. तुझे हात पहिल्यापासून तसेच. चेंडू हातात येण्याआधीच तुला त्याचं वजन कळायचं.

हे पत्र लिहायला मला आईनं बसवलं. म्हणाली, "अहो, हजार माणसांपुढे दोन-दोन तास बोलता, तेव्हा पाणी प्यायलाही थांबत नाही. पोटच्या पोराला चार ओळी लिहायच्या तर दातखीळ बसते होय?" मी म्हटलं, लिहितो. ती जाता जाता म्हणाली, "आणि भाषण नको. टाळ्यांसाठी मध्ये जागा सोडू नका."

तेव्हा नुसती बातमी देतो.

आपला कॉलेजचा हॉल यंदा मधोमध प्लायवूडची भिंत घालून दुभागला आहे. आपलं मैदान अलीकडे शाबूत आहे, पलीकडच्या अर्ध्या भागात सकाळी परीक्षा चालतात. प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं, "सर, हॉल तुमचाच आहे. पण सात ते दहा चेंडूचा आवाज येता कामा नये." माझं भाषण तयार होतं. शरीराचं शिक्षण हेही शिक्षणच, घाम गाळणाऱ्याला चोरासारखं वागवणारी विद्या काय कामाची, वगैरे. तू ते ऐकलंयस. पण निघताना भिंतीच्या फटीतून पलीकडे बघितलं. रिकाम्या बाकांच्या रांगा, आणि पहिल्या बाकावर वेळेच्या तासभर आधी येऊन बसलेली एक मुलगी, ओठांनी पुटपुटत होती. भाषण घशातच राहिलं.

पोरांना सांगितलं, चेंडू नाही.

वकील म्हणाला, "मग काय सर, एकमेकांची तोंडं बघायची?" (त्याचं तोंड तुला माहीत आहे. पंचांनी शिट्टी वाजवायच्या आत याचा युक्तिवाद तयार. यंदा संघाची सूत्रं त्याच्याकडे आहेत.)

मी म्हटलं, "खेळायचं. पास, ड्रिबल, बास्केट, सगळं तसंच. फक्त चेंडू नसेल. आणि बूट काढा, तेही किरकिरतात."

पहिले दोन दिवस नुसता हशा. तिसऱ्या दिवशी हसू थांबलं. कसं सांगू तुला? उंच खिडक्यांतून उन्हाचे तिरके पट्टे उतरतात, नुकत्याच पुसलेल्या लाकडावर अनवाणी पावलं, फक्त श्वासांचा आवाज, आणि पोरं हातात काहीतरी गोल, काहीतरी जड घेऊन उन्हातून सावलीत, सावलीतून उन्हात जातात. ते कुणाच्या हातात आहे हे मला दर क्षणी दिसतं. एकदा उंटानं, आपल्या त्या लांब मानेच्या पोरानं, उडी मारून चेंडू टाकला आणि हात वर करून मिरवायला लागला. वकील म्हणाला, "आत नाही गेला. रिंगवर फिरून बाहेर आला."

"तू बघितलास?"

"सगळ्यांनी बघितला."

आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. उंटानं क्षणभर विचार केला आणि खाली मान घालून म्हणाला, "हो सर. जोर जरा जास्त झाला."

मी आयुष्यभर हेच ओरडत आलो. जगात कुठं वशिला चालत असेल, घराणं चालत असेल, पण या अठ्ठावीस बाय पंधरा मीटर लाकडावर कुणाचं काही चालणार नाही. इथं न्याय आहे. आणि बघ, चेंडू काढून घेतला तरी न्याय जागच्या जागी राहिला!

(आईनं मागून वाचलं. म्हणाली, "ही टाळ्यांची जागा." बरं, थांबतो.)

तू गेल्यावर संघात नऊच उरले. पाचास पाच खेळायला दहा लागतात. दहावा घ्यायला हवा. गडबडीत राहून गेलं.

तब्येत सांभाळ. मावशीला नमस्कार.

तुझे वडील


१९ जानेवारी

चिरंजीवास आशीर्वाद.

तुझं कार्ड मिळालं. साडेदहा महिन्यांत एक ओळ: "चेंडू नसताना फ्री थ्रो आत गेला की बाहेर, हे कोण ठरवतं?" आईनं ते फ्रिजवर लावलं आहे. मी पाणी प्यायच्या निमित्तानं दिवसातून दहा वेळा फ्रिजपाशी जातो, असं तिचं म्हणणं आहे. थंडीत माणसाला तहान लागतेच.

उत्तर असं, की टाकणाराच ठरवतो. कुणी खोटं बोलत नाही. मीही एकदा टाकून बघितला, बाहेर गेला.

संघ जिंकत सुटला आहे. सात सामने, सातही जिंकले. लोक विचारतात, काय जादू केलीत? जादू कसली! परीक्षा संपल्या, चेंडू परत आले, पण पोरंच म्हणाली, सर, पहिला अर्धा तास तसाच ठेवू या. चेंडूकडे बघायची सवय मोडली, माणसांकडे बघायची लागली. कोण कुठं जाणार हे त्यांना पाठीनंही कळतं. मोठमोठे संघ चेंडूमागे धावून दमतात आणि आमची पोरं एकमेकांकडे चालत जातात.

आता एक गोष्ट सांगतो. सांगायची नव्हती.

चेंडूशिवाय खेळताना एका बाजूला पाच, दुसऱ्या बाजूला चार. डिसेंबरातल्या एका सकाळी वकिलानं धावता धावता मागे न बघता डाव्या कोपऱ्यात पास दिला. रेषेच्या टोकाला, जिथं तू उभा राहायचास. मी विचारलं, "तिथं कोण आहे?"

"आहे की, सर," तो म्हणाला आणि तसाच बचावाला परत धावला.

कुणी हसलं नाही. मी शिट्टी वाजवायला हवी होती. शिट्टी ओठात होती. वाजवली नाही.

त्या दिवसापासून ते दहा आहेत. समोरच्यांतला एक जण रोज इमानदारीनं तुला अडवायला धावतो आणि रोज उशिरा पोहोचतो. तुझा एकही चेंडू चुकत नाही. दोष काढायचा तर इतकाच, की तू अजून बचावाला आळशी आहेस. वकील त्यावरून तुला शिव्याही देतो, सौम्य.

हॉल पुसणारे मामा परवा म्हणाले, "साहेब, सगळीकडे पावलं उमटतात, तो एक कोपरा कोरा राहतो. मी तरी तिथं फडकं मारतो. कुणी उभं असलं तर घसरायला नको."

बाकी विशेष काही नाही. उंट काल पुन्हा उशिरा आला. त्याचं ते नेहमीचंच. मागच्या वर्षी उपान्त्य सामन्याच्या दिवशीही तो सात मिनिटं उशिरा आला होता, धापा टाकत, एका पायात एक आणि दुसऱ्यात दुसऱ्याच रंगाचा मोजा. आम्ही किती हसलो होतो! तूही हसला होतास. मी म्हटलं होतं, उंटाला वाळवंट ओलांडून यायचं असतं, वेळ लागणारच.

असो.

पत्र इथं दोन दिवस अडलं होतं. पुढं लिहिता येत नाही. मार्चमध्ये अंतिम फेरी आहे. थंडी आहे, वखारीत भुसा उडतो, नाकावर रुमाल बांधत जा.

तुझे वडील


४ मार्च

मुंगळ्या,

या नावानं हाक मारून किती वर्षं झाली? तू तीन वर्षांचा असताना मी सरावाला निघालो की माझ्या पायाला मुंगळ्यासारखा चिकटायचास. मग मी तुला तसाच पायावर घेऊन हॉलपर्यंत लंगडत जायचो. पुढं तू संघात आलास आणि मी नियम केला, घरी बाबा, हॉलमध्ये सर. तू तो कधी मोडला नाहीस. मला वाटायचं, काय शिस्त लावली मी!

काल आपण अजिंक्यपद जिंकलो. वर्तमानपत्रात आलंय. कसे जिंकलो ते वर्तमानपत्रात नाही, ते मी सांगतो.

समोर हिरवा संघ होता. मागच्या वर्षी ज्यांच्याकडून एका गुणानं हरलो तेच. हॉल खच्चून भरलेला, पण मला शेवटच्या मिनिटात काही ऐकू येईना. सगळं त्या सकाळच्या सरावासारखं झालं. ऊन नव्हतं, वरचे पांढरे दिवे होते, तरी पोरं उन्हातून सावलीत जाताहेत असं वाटत होतं. एकेचाळीस सेकंद उरले होते, आपण एका गुणानं मागे. वकील चेंडू घेऊन आला. दोघं त्याच्या अंगावर. त्यानं मागे न बघता डाव्या कोपऱ्यात पास दिला.

खरा चेंडू होता, मुंगळ्या.

अप्रतिम पास. छातीच्या उंचीवर, पाहिजे तेवढ्याच जोराचा. रिकाम्या कोपऱ्यातून तो सरळ रेषेबाहेर गेला आणि पहिल्या रांगेतल्या एका आजोबांच्या मांडीवर जाऊन बसला. आजोबांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि इकडं तिकडं बघायला लागले, कुणाला द्यायचा?

चेंडू हिरव्यांचा झाला. मी टाइमआउट मागितला.

पोरं येऊन गोल उभी राहिली. वकील पांढराफटक. त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता, हे मी पहिल्यांदा पाहिलं. कसाबसा म्हणाला, "सर, मला तो दिसला. खरंच दिसला."

माझ्याकडे साठ सेकंद होते. साठ सेकंदांत मी शिक्षकांचा संप मोडू पाहणाऱ्यांना परत फिरवलंय, पडलेल्या पोरांना उभं केलंय. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. आणि माझ्या तोंडून आलं ते हे: "पास बरोबर होता. तिथं माणूस नव्हता, ती चूक माझी."

मग थांबता येईना. मी म्हटलं, "मागच्या वर्षी अंतिम सामन्याला तो चार मिनिटं उशिरा आला म्हणून मी त्याला अख्खा सामना बाकावर बसवला. त्याच्या आधी दोनच दिवस हा उंट सात मिनिटं उशिरा आला होता. त्याला मी हसून सोडला. नियम सगळ्यांना सारखा म्हणून मी तुम्हाला सांगितलं, ते खोटं होतं."

उंट घामानं निथळत होता. त्याचे डोळे मोठे झाले. "सर, हे आत्ता? आत्ता सांगायचं?"

आणि वकिलाला वाचा फुटली. "सर, कबुलीजबाब नोंदवून घेतला. खटला नंतर चालवू. आधी बचाव कुठला लावायचा ते बोला, वीस सेकंद उरलेत."

नऊच्या नऊ हसले. मीही हसलो. हरायला एकेचाळीस सेकंद उरलेला संघ हसत मैदानात गेला.

हिरव्यांनी वेळ खात खात चेंडू टाकला, रिंगवरून उडाला, उंटानं तो वरच्या वर काढून घेतला. सतरा सेकंद. वकील निघाला. मध्यरेषा ओलांडली आणि त्यानं नुसतं डाव्या कोपऱ्याकडे बघितलं. हात किंचित वर केला, तुला नेहमी करायचा तसा.

आणि हिरव्यांचा सगळ्यात चपळ गडी, तोच, ज्यानं मागच्या वर्षी आपली वाट लावली, जीव तोडून डाव्या कोपऱ्यात धावला. तो आधीचा पास त्यांनी पाहिला होता ना! इतका नेमका पास उगाच कोण देईल? त्यांना वाटलं, डाव ठरलेला आहे, तिथं कुणीतरी पोहोचणार. तो कोपऱ्यात गेला, वळला, दोन्ही हात पसरून उभा राहिला. समोर कुणी नाही. मला अजून डोळ्यांसमोर दिसतो तो. पांढऱ्या उजेडात हात पसरून, गुडघे वाकवून, सगळी ताकद लावून तुला अडवत होता.

उरले त्यांचे चार आणि आपले पाच. उंट रिंगखाली एकटा. पास, उडी, आत. भोंगा वाजला.

मी नंतर वकिलाला विचारलं, तू मुद्दाम बघितलंस का रे? तो म्हणाला, "सर, बघणं हा गुन्हा नाही. आणि खोटं कशाला बोलू, अर्धं मुद्दाम, अर्धं सवयीनं."

तेव्हा सामना आपल्याकडून दहा जण खेळले. त्यातला एक शंभर कोसांवर फळ्या रचत होता.

आता टाळत आलो ते लिहितो. आई स्वयंपाकघरात आहे, मागून कुणी वाचत नाही, तरी लेखणी अडते.

मागच्या वर्षी फेब्रुवारीत स्टाफरूमबाहेरच्या फळ्यावर कुणीतरी खडूनं लिहिलं होतं, "बापलेक क्रीडा मंडळ." मी ते बाहीनं पुसलं. कुणाला सांगितलं नाही. पण मनातून ते पुसलं गेलं नाही. तीस वर्षं ज्यानं वशिल्याविरुद्ध घसा फोडला, त्याच्यावरच हे? रात्रंदिवस मला एकच हवं होतं. आपण तसे नाही याचा पुरावा. अंतिम सामन्याच्या दिवशी तू चार मिनिटं उशिरा दारात उभा राहिलास आणि मला पुरावा सापडला. तू धापा टाकत "सर" म्हणालास. मी घड्याळाकडे बोट केलं आणि बाकाकडे. माझ्या मनात त्या क्षणी काय होतं माहीत आहे? आनंद. खरं सांगतो, आनंद होता. मी नियमाला जपलं नाही, माझ्या नावाला जपलं. त्यासाठी तुझा बळी दिला, आणि वर त्याला न्याय म्हटलं.

तेवढ्यावर थांबलो असतो तर तू कदाचित गेला नसतास. एका गुणानं हरल्यावर सगळ्यांपुढे मी बोललो, "कुणाच्या तरी चार मिनिटांपायी आपलं अख्खं वर्ष गेलं." नाव घेतलं नाही. ही वक्त्यांची जुनी युक्ती, नाव घ्यायचं नाही, मग सगळे आपोआप मान वळवतात. सगळ्यांनी मान वळवली. तू बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधल्यास, बूट खांद्यावर टाकलेस आणि मोज्यांवरच बाहेर गेलास. दाराशी थांबून म्हणालास, "येतो सर." तो हॉल नव्हता, कपडे बदलायची खोली होती. तिथं तू "बाबा" म्हणू शकला असतास. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

दहावा गडबडीत राहून गेला नव्हता. तीन जण विचारायला आले होते. तिघांनाही परत पाठवलं.

आज सकाळी कॉलेजात सत्कार झाला. प्राचार्यांनी माइक हातात दिला आणि लोक खुर्च्यांत नीट बसले, आता तासभर सुटका नाही म्हणून. मी टाइमआउटमध्ये बोललो तेच पुन्हा बोललो, नाव घेऊन. चार वाक्यं. खाली बसलो. मामांनी मागून येऊन विचारलं, "साहेब, माइक बिघडला का?"

त्यानंतर हॉलमध्ये एकटाच गेलो. प्लायवूडची भिंत काढली आहे, हॉल पुन्हा अखंड झाला आहे. डाव्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिलो. तिथून सगळा खेळ दिसतो रे! बाकावरून दिसतो त्याहून वेगळा. तिथं उभ्या माणसाला बोलून काही उपयोग नसतो. हात उघडे ठेवून वाट बघायची, एवढंच काम. माझ्या हातून ते कधी झालं नाही.

घरी येऊन आईला विचारलं, "त्या दिवशी त्याला उशीर का झाला होता, तुला माहीत आहे?"

"माहीत आहे."

"मग सांग की."

"मी का सांगू? उशीर मला झाला होता का? ज्याला झाला त्याला विचारा." आणि नळाखाली बादली सरकवून म्हणाली, "एक वर्ष झालं. जिंकलात तरी अजून विचारलं नाहीत."

खरं आहे तिचं. तुझ्यावर मी निकाल दिला, शिक्षा दिली, त्यावर भाषणही केलं. विचारायचं तेवढं राहिलं.

परत ये, असं म्हणत नाही. संघात जागा आहे, असंही म्हणणार नाही. तुला वाटेल, सर बोलावताहेत. वखार तुला आवडत असेल तर तिथंच राहा, लाकूड तुझ्या हाताला खरं सांगतं, ते काही कमी नाही. मला फक्त एक कळू दे. एका ओळीचं कार्ड चालेल. फ्रिजवर जागा आहे.

त्या दिवशी, मुंगळ्या, तुला उशीर का झाला होता रे?

हात उघडे ठेवून ऐकत बसलेला,
बाबा